विश्लेषण : थंडीत गाडीचे मायलेज का घटते? रुडॉल्फ डिझेल यांनी आयुष्यभर दिलेली झुंज

हिवाळ्यात मनालीला गाडी नेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. सकाळी इंजिन चटकन सुरू होत नाही आणि टाकी नेहमीपेक्षा लवकर रिकामी होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानुसार, शहरातील छोट्या फेऱ्यांत साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंश सेल्सिअसला सुमारे १५ टक्क्यांनी घटते. फेरी पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. इंजिनातील उष्णता वाया जाते, हे त्यामागचे मुख्य कारण. ती वाचवण्यासाठी ज्याने आयुष्य पणाला लावले, त्याचे नाव आज प्रत्येक पेट्रोल पंपावर आहे.

कोण होते डिझेल?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमध्ये, जर्मन आईवडिलांच्या पोटी झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबाला फ्रान्स सोडावा लागला. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत त्यांना कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक लाभले. लिंडे हे शीतयंत्रांचे जनक. त्यामुळे पदवीनंतर डिझेल यांची पहिली नोकरीही बर्फ बनवणाऱ्या यंत्रांचीच होती. मात्र वाफेचे इंजिन कोळशातील जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावते, ही वर्गात ऐकलेली गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

ठिणगीविना आग

त्यांची कल्पना धाडसी होती. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्यात सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन दाब मोजणारे उपकरण उडाले. उष्णता वाया जाऊ नये म्हणून पहिल्या इंजिनाला पाण्याचे वेष्टन दिले नव्हते. पुढे ते द्यावेच लागले, कारण न थंडावलेले लोखंड टिकत नाही. अखेर १८९७ मध्ये प्रा. मोरित्झ श्र्योटर यांच्या चाचणीत इंजिनाने २६.२ टक्के उष्णता कामाला लावली. वाफेच्या इंजिनांपेक्षा ही झेप फार मोठी होती.

थंडी नेमके काय करते?

दाबल्यावर हवेचे तापमान ठरावीक पटीत वाढते, त्यामुळे सुरुवातीचा फरकही तितक्याच पटीत वाढतो. बाहेरची हवा ३५ अंशांनी गार असेल, तर दाबाच्या शेवटी ती ढोबळ हिशेबाने ९० अंशांनी कमी तापते. त्यात सिलिंडरच्या गार भिंतीही उष्णता ओढून घेतात. म्हणून डिझेल गाडी थंडीत अडून बसते.

पेट्रोल गाडीचे दुखणे थोडे वेगळे. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्त सोडावे लागते. दोन्ही प्रकारांत ऑइल घट्ट होते आणि टायरमधील हवेचा दाब उतरतो. उणे ७ अंशांतील हवा २५ अंशांपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, त्यामुळे हायवेवर तिचा विरोधही वाढतो. गंमत म्हणजे उष्मायंत्राच्या शास्त्रानुसार बाहेर जितके गार तितके इंजिन कार्यक्षम असायला हवे. पण छोट्या फेरीत इंजिन तापेपर्यंत घर येते, आणि जळालेल्या इंधनाचा मोठा हिस्सा लोखंड व ऑइल तापवण्यातच जातो.

शेवटचा प्रवास

अमेरिकेतील हक्क विकून डिझेल यांना दहा लाख मार्क मिळाले. म्युनिकमध्ये आलिशान घर उभे राहिले. पण पेटंटचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेल्या गुंतवणुकी यांत सारे गेले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर रात्रीचे जेवण करून ते केबिनकडे गेले. सकाळी बिछाना तसाच होता. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, हे आजवर ठरलेले नाही.

त्यांचे इंजिन १९३६ मध्ये मर्सिडीजच्या ‘२६० डी’ या मोटारीत आले. तिच्यात गार इंजिन पेटवण्यासाठी विजेवर तापणारा ग्लो प्लग होता. इंधनातील मेण गोठण्याची अडचण मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले.