नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या मनाचं काय झालं?

बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचं, असं कुणी सांगितलं तर? नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाईंच्या माहेरी हेच चालायचं. 1857 च्या उठावात आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडलं. घरात देवाधर्माच्या नावाने धास्तीच नांदत होती.

लहानपणीच त्यांचं लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक विद्वान, पण एका जागी न रमणारे. एकदा रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. पुढे बराच काळ मनाशी झगडून 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा लहानग्या दत्तूसह नातेवाइकांकडे होत्या. बातमी कळताच त्या कोलमडल्या. नवऱ्याकडे जावं तर धर्म बुडतो, न जावं तर संसार. या घुसमटीत त्यांची तब्येत ढासळली. मन मोकळं करायला त्यांनी कवितेचा आधार घेतला.

अशा ओढाताणीला आज मानसशास्त्रात 'आध्यात्मिक संघर्ष' म्हणतात. श्रद्धा अनेकांना आधार देते; पण तिच्यावरूनच देवाशी, आपल्या माणसांशी किंवा स्वतःशी झगडा सुरू झाला, की तीच माणसाला पोखरू शकते.

पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या, पण धर्म बदलून नव्हे. स्वयंपाक आणि पाणी वेगळं ठेवून त्यांनी आपलं सोवळं जपलं. बदल झाला तो हळूहळू, त्यांच्याच विचाराने. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केले, हे पटल्यावर त्यांनी शिवाशीव सोडली. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

म्हणून पुढचं आयुष्य सोपं झालं नाही. पैशांची चणचण होतीच, त्यात दुष्काळातली अनाथ मुलं घरात वाढत होती. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागलं. त्यात वडिलांचं सोवळं आणि स्वतःची फजिती त्यांनी हसत सांगितली आहे. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

लक्ष्मीबाई सावरल्या, ते केवळ धर्म बदलल्यामुळे, असं म्हणता येत नाही. जुनी श्रद्धा त्यांच्याकडून कुणी हिसकावून घेतली नाही आणि नवी कुणी लादली नाही. विचार करायला त्यांना पाच वर्षं मिळाली, आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता.