चोरी करणाऱ्या मुलांचे मन वाचणारा डॉक्टर

गुन्हेगार जन्माला येतो की घडवला जातो, हा वाद जुना आहे. या वादात बालपणातल्या ताटातुटीकडे जगाचे लक्ष वेधले ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी.

बोल्बी यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील नामवंत शल्यविशारद. घरात सुबत्ता होती, पण त्या काळच्या उच्चवर्गीय रीतीप्रमाणे सहाही भावंडे दायांच्या हाती वाढली. आई दिवसातून जेमतेम तासभर भेटायची. जॉन यांचा जीव मिनी नावाच्या दाईवर होता. ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास ती काम सोडून गेली. ते दुःख ते मोठेपणीही विसरले नाहीत.

केंब्रिजमधील शिक्षणानंतर त्यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांच्या शाळेत काम केले. चोरीमुळे आधीच्या शाळेतून काढलेला, कुणाशीच जवळीक न करणारा एक मुलगा तिथे होता. त्याला आईची स्थिर माया कधी मिळालीच नव्हती. बोल्बी यांच्या कामाची दिशा इथेच ठरली.

पुढे लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांची तुलना तिथेच येणाऱ्या, पण चोरी न करणाऱ्या ४४ मुलांशी केली. हा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. चोरी करणाऱ्यांपैकी १४ जणांना कुणाबद्दल माया नव्हती की केल्याची खंत. त्यातल्या १२ जणांची अगदी लहान वयात आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत अशी ताटातूट फक्त दोघांच्या वाट्याला आली होती.

यातूनच पुढे त्यांचा आसक्ती सिद्धांत आकाराला आला. सांभाळणाऱ्या माणसाशी जुळलेल्या नात्यातून बाळ जगावर विश्वास ठेवायला शिकते. ते नाते वारंवार तुटले, तर दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव बोथट होऊ शकते. हिंसक गुन्हेगारीच्या अभ्यासातही हा धागा पुढे महत्त्वाचा ठरला.

अभ्यासात उणिवा होत्या. मुलांची तपासणी आणि वर्गवारी बोल्बी यांनी स्वतःच केली होती, त्यामुळे पूर्वग्रहाला वाव होता. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की केवळ ताटातुटीला दोष देता येत नाही. घरातील कलह आणि नाते मुळातच न जुळणे यांचे परिणाम वेगळे असतात. सांभाळणारी व्यक्ती आईच असायला हवी असेही नाही. वडील, आजी किंवा आणखी कुणी जिव्हाळ्याचे माणूसही ती जागा घेऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी बोल्बी यांनी लिहिलेला अहवाल १९५१ मध्ये आला. त्या काळी रुग्णालयात दाखल मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक बंधने असत. बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांच्या कामामुळे ती हळूहळू सैल झाली. २ सप्टेंबर १९९० रोजी बोल्बी यांचे निधन झाले.

कठीण बालपण म्हणजे गुन्हेगारीचा शिक्का नव्हे. हाल सोसलेली बहुसंख्य मुले हिंसक होत नाहीत. धोका मात्र वाढतो, आणि वेळीच मिळालेला एका माणसाचा भक्कम आधार तो कमी करू शकतो. म्हणूनच चोरी किंवा मारामारी करणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी घरी त्याचे कोण आहे, हे विचारायला हवे.