माधवरावांची बंद पडलेली शिष्यवृत्ती

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ म्हटले की आपल्याला आधी बसचा थांबा आठवतो. 1867 साली स्थापन झालेल्या ज्या समाजावरून त्या नाक्याला नाव पडले, त्याला बळ देणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याला पाठ्यपुस्तकातल्या पगडीपुरते ठाऊक असतात. मी इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो, त्यामुळे मला मात्र त्यांच्यातला विद्यार्थी अधिक जवळचा वाटतो.

निफाडला 1842 मध्ये जन्मलेला आणि कोल्हापुरात वाढलेला हा मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी शिकायला मुंबईत आला. एल्फिन्स्टन तेव्हा किती लहान असेल पाहा. विद्यापीठ निघाले 1857 मध्ये. 1859 च्या पहिल्या मॅट्रिकला सगळे मिळून 21 जण उत्तीर्ण झाले आणि 1862 मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चार : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. आजच्या एका बाकावर मावतील एवढे! माधवरावांनी इतिहास आणि अर्थशास्त्रात ऑनर्सही मिळवले. वाचनाच्या नादात डोळे मात्र कायमचे अधू झाले.

इतिहास शिकवायला होते सर अलेक्झांडर ग्रँट. ॲरिस्टॉटलचे जाणकार, पुढे एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख झालेले गृहस्थ. माधवरावांवर त्यांचा लोभ होता. तरीही या विद्यार्थ्याने एका लेखनात मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना करून इंग्रजांना कमी लेखले, तेव्हा साहेबांना ते सोसले नाही. शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. 1857 चा वणवा विझून फार दिवस झाले नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. पण शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हे ज्याच्या घरी फीसाठी उसनवारी झाली आहे त्याला सांगायला नको.

दुसरा एखादा पेटून उठला असता, नाहीतर कायमचा गप्प बसला असता. माधवरावांनी यातले काहीच केले नाही. ते सरकारी नोकरीत शिरले, 1868 पासून काही वर्षे त्याच एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले, पुढे न्यायाधीश झाले. फडक्यांच्या बंडाच्या वेळी, 1879 मध्ये, सरकारला त्यांचाही संशय आला आणि धुळ्याला बदली झाली. तीही त्यांनी मुकाट्याने पत्करली. या सोशिकपणाचा मला तरुणपणी राग येई. आता तितकासा येत नाही.

कारण तो विषय त्यांनी सोडला नव्हता. 1900 साली त्यांचे ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ निघाले. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीत अचानक भडकलेला वणवा, असे ग्रँट डफ सांगून गेला होता. रानड्यांनी त्याला उत्तर दिले, की त्यामागे संतांनी केलेली मशागत होती आणि सगळ्या थरांतल्या माणसांचा हात होता. राजवाड्यांना हे संतमाहात्म्य मुळीच पटले नाही आणि त्यांच्या आक्षेपात तथ्यही आहे. पण रानडे केवळ गोडवे गात नव्हते. त्याच वर्षी पेशव्यांच्या रोजनिशांवर लिहिताना त्यांनी उत्तर पेशवाईतल्या जातिभेदावर बोट ठेवलेच.

पुस्तकाचा पुढचा भाग लिहायचा मनात होता. 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि तो राहून गेला.