हेन्री रॉइस: ज्यांच्या जुन्या गाड्या आजही विकायला निघतात

फोनवर स्क्रोल करताना एखाद्या रिस्टोर केलेल्या जुन्या रोल्स-रॉइस सलूनची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. सलून म्हणजे केस कापायचं दुकान नाही हं! ब्रिटिश लोक आपल्या सेडानला सलून म्हणतात. पण ऐंशी-नव्वद वर्षांची गाडी चालू कशी राहते? त्यासाठी हेन्री रॉइस हा माणूस समजून घ्यावा लागतो.

रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या अलवॉल्टन गावातला. वडिलांची पिठाची गिरणी बुडाली आणि हेन्री नऊ वर्षांचे असताना वडीलही गेले. पोराने लंडनमध्ये पेपर विकले, तारा वाटल्या. पुढे मावशीच्या पैशांवर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मिळाली, पण पैसे संपले आणि तीही अर्धवट सुटली. म्हणजे डिग्री सोडाच, साधं ट्रेनिंगही पूर्ण झालं नाही. (आम्ही चार वर्षं इंजिनिअरिंग करून प्रोजेक्ट रेडिमेड आणतो, तो विषय वेगळा.)

१८८४ मध्ये त्यांनी मँचेस्टरला भागीदारीत छोटा कारखाना टाकला. विजेच्या घंटा, डायनॅमो, नंतर क्रेन. चाळिशीत एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली, देकोव्हिल नावाची. ती त्यांच्या मनासारखी चालेना. दुसरा कोणी असता तर विकून टाकली असती. यांनी प्रत्येक भाग तपासला, सुधारला आणि १९०४ मध्ये स्वतःचीच दोन सिलिंडरची गाडी रस्त्यावर आणली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स भेटले. रोल्स श्रीमंत घरचे, गाड्या विकण्यात तरबेज. एकाने बनवायचं, दुसऱ्याने विकायचं.

१९०७ च्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीला सहा सिलिंडरचं, सात लिटरचं इंजिन होतं. ती सुमारे १५,००० मैल पळवली, मग पूर्ण खोलून एकेक भाग मोजला. झीज किरकोळ निघाली. आपण आज ज्याला स्ट्रेस टेस्ट म्हणतो, ती हीच.

याच मॉडेलची 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही गाडी १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. तेव्हाचे घाटरस्ते कसे असतील, विचार करा! ती जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

१९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेले. रॉइस स्वतः कामाच्या नादात जेवण विसरणारे, त्यामुळे तब्येत ढासळली. नंतरची बरीच वर्षं त्यांनी डर्बीच्या कारखान्यापासून लांब, हिवाळ्यात फ्रान्सला आणि एरवी इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर राहून ड्रॉइंग्ज पाठवली. त्या काळातलं वर्क फ्रॉम होमच. विमानाची इंजिनंही त्यांनी केली. २२ एप्रिल १९३३ ला ते वारले.

आता जाहिरातीकडे. त्या काळी कंपनी फक्त चेसिस आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड असे वेगळे कारागीर बांधायचे. कारखान्यातूनच बॉडीसकट येणारी पहिली रोल्स-रॉइस १९४९ ची 'सिल्व्हर डॉन'. त्यामुळे त्याआधीच्या गाडीत चेसिस अस्सल आणि बॉडी नंतर बदललेली असू शकते. किमतीत खरा फरक इथेच पडतो. नुसता चकचकीत रंग बघून भुलू नका. आमच्या मुरुममध्ये जुना ट्रॅक्टर घेतानासुद्धा लोक आधी वाकून चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवतात. इथेही तेच करायचं, शिवाय बॉडी कोणाची आणि कधीची, तेही विचारायचं.

आणि नोंदणी? ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळा नियम आहे. नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ही गाडी रोज ऑफिसला न्यायची किंवा लग्नाला भाड्याने द्यायची परवानगी नाही.