नकार आणि स्वमुद्रण : जोतीराव फुले यांच्या ग्रंथकर्तृत्वाचा एक पैलू

वाङ्मयेतिहासात ग्रंथाचे स्थान सामान्यतः त्याच्या प्रकाशनवर्षावरून ठरविले जाते. ही पद्धती सोयीची आहे. परंतु ज्या लेखकाला प्रकाशनाची दारेच बंद होती, त्याच्याबाबतीत ती दिशाभूल करणारी ठरते. महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्राकडे प्रस्तुत लेखात याच एका मर्यादित अंगाने पाहावयाचे आहे. नकार मिळालेल्या या लेखकाने स्वखर्चाने छापण्याचा मार्ग का पत्करला आणि त्या मार्गाने त्यांना काय साधले, काय साधता आले नाही, हा येथील विचाराचा विषय आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. फुलांच्या व्यवसायामुळे या माळी कुटुंबाचे गोऱ्हे हे मूळ आडनाव मागे पडून फुले हे नाव रूढ झाले. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. जोतीरावांच्या लेखनाचा उगम या शाळेच्या अनुभवात आहे. शूद्रातिशूद्रांचे अज्ञान हे केवळ शाळा नसल्यामुळे नसून त्या अज्ञानावर कोणाची तरी उपजीविका चालते, हे त्यांच्या ध्यानी आले. आणि हीच जाणीव ‘तृतीय रत्न’ या नाटकात उतरली.

१८५५ मध्ये लिहिलेल्या या नाटकात गरोदर कुणबी स्त्री, तिचा नवरा आणि ग्रहांचे भय घालून त्यांना लुबाडणारा जोशी यांची कथा असून, अखेरीस ते दांपत्य शिक्षणाची वाट धरते. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वळविण्यात आला होता. निधीचे स्वरूप बदलले, तरी निवडीचा अधिकार बव्हंशी त्याच वर्गाच्या हाती राहिला. समितीतील युरोपीय सभासदांचे ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, अशी हकीकत जोतीरावांनीच पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केली आहे.

या नकाराचा अर्थ आजच्या प्रकाशनव्यवहाराच्या चौकटीत समजणार नाही. त्या काळी मराठीत स्वतंत्र प्रकाशनव्यवसाय जेमतेम आकार घेत होता. सरकारी शिक्षणखाते, मिशनरी संस्था आणि धनिक आश्रयदाते हेच लेखकाचे मुख्य आधार होते. एक दार बंद झाले की दुसरे ठोठावण्यास फारशी जागा नव्हती. जोतीरावांनी नाटकाचे हस्तलिखित बाजूस ठेवले. पुढे १८६९ मध्ये ‘ब्राह्मणांचे कसब’ त्यांनी स्वतःच्या पैशाने छापून काढले. अधिकारीवर्गाकडून खरेदीला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही; तरीही त्यांनी मार्ग बदलला नाही. त्याच वर्षी शिवाजीमहाराजांवरील पोवाडा आणि १८७३ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली.

स्वमुद्रणाला आर्थिक पाया लागतो. जोतीराव बांधकामाचे ठेकेदार होते. शेती आणि व्यापारही करीत. ते कोणाच्या पगारावर वा देणगीवर अवलंबून नव्हते, ही गोष्ट त्यांच्या निर्णयाइतकीच महत्त्वाची आहे. याचा परिणाम भाषेवरही झाला. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडणारी ‘गुलामगिरी’ एखाद्या समितीच्या संस्काराखालून गेली असती, तर तिची बोलभाषेतील धार टिकली असती असे वाटत नाही.

परंतु नकार केवळ विरोधकांकडूनच आला, असे मानणे एकांगी ठरेल. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त प्रसिद्ध झाली आणि नंतर प्रकाशन थांबले. हे पत्र सत्यशोधक चळवळीचे होते आणि संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी होते. संपादकीय सावधगिरीपुढे स्नेहही अपुरा पडला, याचा जोतीरावांना रोष वाटला. तथापि, या ग्रंथाचा प्रसार त्यांनी वेगळ्या वाटेने केला. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाडांसमोर त्याचे वाचन झाले. ज्यांच्याविषयी हा ग्रंथ होता त्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. तेव्हा हे जाहीर वाचन म्हणजेच त्याचे खरे प्रकाशन होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

१८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आले, तेव्हा ते नाकारण्याची पाळी जोतीरावांची होती. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची ज्यांना झळ नाही, त्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तीस वर्षांपूर्वी मान्यता मागणारा लेखक आता मान्यता देणाऱ्यांचा अधिकारच नाकारीत होता. त्याच वर्षी त्यांनी ‘सत्सार’चे अंक काढले. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि १८९१ मध्ये दत्तकपुत्र यशवंत यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले.

आता या मार्गाची मर्यादा पाहावी. जे जोतीरावांनी स्वतः छापले, ते टिकले. ‘असूड’ मात्र त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने संपूर्ण प्रसिद्ध झाला नाही. ‘तृतीय रत्न’चे तर धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयाच्या १९६९ च्या पहिल्या आवृत्तीतही स्थान नव्हते. ते छापले गेले १९७९ मध्ये. दरम्यान वि. ज. कीर्तने यांच्या १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकाकडे पहिल्या स्वतंत्र मराठी नाटकाचा मान गेला होता. एका समितीच्या नकाराने एका नाटकाला १२४ वर्षे अंधारात ठेवले आणि नाट्येतिहासाचा आरंभबिंदूही हलविला.

मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी ‘असूड’ शिकविताना असा अनुभव येतो की, मूकवाचनात अडखळणारी शेतकऱ्यांची मुले तोच मजकूर मोठ्याने वाचला की मान डोलावू लागतात. ग्रंथाचे मूळ प्रकाशन कसे झाले होते, याची ती खूण आहे. म्हणून अभ्यासकांनी ग्रंथाच्या मुद्रणवर्षाशेजारी त्याचे लेखनवर्ष मांडावे आणि या दोहोंमधील अंतराचे कारणही शोधावे. ते अंतर पुष्कळदा लेखकाच्या कुवतीचे नसते. ते निवड करणाऱ्यांच्या दृष्टीचे असते.