इथे अनडू नाही!

सुट्टीच्या दिवशी सकाळी वसईच्या किल्ल्यात स्केचबुक घेऊन कधी बसलात का? सेंट जोसेफ चर्चच्या पडक्या भिंतींवर ऊन आलेलं असतं, वाटेवर झाडांच्या सावल्या असतात. तुम्ही जलरंगाची पेटी उघडता आणि ऊन दाखवायला पांढरा रंग शोधता. तिथेच गडबड होते! जलरंगात ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. सावली रंगवायची, ऊन राखायचं. चुकून त्यावर ब्रश फिरला, की गेलं ते ऊन.

हे उजेड राखणं ज्याला जमलं, त्या माणसाची ही गोष्ट. सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, गाव सावंतवाडी. कोकणातला हा मुलगा चित्रकला शिकायला मुंबईला आला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे धुरंधरांसारखे शिक्षक लाभले. पुढे नोकरीच्या मागे न लागता १९०८ मध्ये त्याने स्वतःची चित्रकलेची संस्था काढली. वय फक्त सव्वीस! म्हणजे तुमच्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा.

त्या काळी बॉम्बे आर्ट सोसायटीवर युरोपियन मंडळींचा पगडा होता. मग १९१८ मध्ये हळदणकर आणि त्यांच्या चित्रकार मित्रांनी मिळून आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. हळदणकर तैलरंगातही पक्के होते, पण जलरंगात त्यांचा हात विशेष चालायचा.

त्यांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. कॅलेंडरवर, नाहीतर कुणाच्या तरी हॉलमध्ये. साडी नेसलेली मुलगी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांतून उजेड झिरपतोय आणि चेहऱ्यावर पसरलाय. ‘ग्लो ऑफ होप’. एका दिवाळीत स्वतःच्या लेकीला तासन्‌तास उभं करून हळदणकरांनी ते केलं, आणि तेही जलरंगात. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. इथे ती सोय नाही. अनडू बटण नाही. ते आव्हान त्यांनी मुद्दाम घेतलं.

आज ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पण गंमत बघा, किंवा खंत म्हणा. बरीच माणसं ते राजा रविवर्म्याचं समजून पाहतात. रविवर्मा तैलरंगासाठी प्रसिद्ध, आणि ते वारले १९०६ मध्ये. तेव्हा हळदणकर अजून विशीतच होते. तरी मोठ्या नावाच्या सावलीत खरा धनी झाकला गेला. चित्र घराघरांत पोचलं, नाव मात्र पोचलं नाही.

हळदणकर १९६८ मध्ये गेले. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो? दोन सोप्या गोष्टी. पुढच्या वेळी ते चित्र फॉरवर्ड होऊन आलं, की खाली चित्रकाराचं खरं नाव लिहा. आणि रविवारी ऊन चढायच्या आत किल्ल्यात, नाहीतर पापडीच्या रस्त्यावर जाऊन बसा. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. उजेड नेमका कुठे पडलाय ते ठरवा. तेवढा कागद सोडा. मगच ब्रश ओला करा.

पहिले चार-पाच कागद वाया जातील. जाऊ द्या!