डॉ. अलॉइस अल्झायमर

आमच्या नांदूरघाटला म्हातारे माणूस विसरू लागले की साठी बुद्धी नाठी म्हणून लोक हसतात. आई-वडील ऊसतोडीला गेले की घरी आजी आणि मी. आजी मला वारलेल्या आत्याच्या नावाने हाक मारू लागली, तेव्हा मीही हसले होते. पुढे मानसशास्त्राच्या तासाला डॉ. अल्झायमर यांचे नाव ऐकले आणि त्या हसण्याची लाज वाटली.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढील वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांशी शांतपणे बोलावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप तपासावेत, हेच त्यांचे जीवन बनले. १९०१ साली त्यांची पत्नी वारली. पदरी तीन लहान मुले होती. तरी त्यांनी काम सोडले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री तेथे दाखल झाली. तिला स्वतःचे नावही पुरते लिहिता येईना. अल्झायमर तिच्याजवळ बसून साधे साधे प्रश्न विचारीत आणि चुकलेली उत्तरेसुद्धा जशीच्या तशी लिहून ठेवीत. पुढे ते म्युनिकला गेले, पण तिला विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून तपासला. तो आक्रसला होता. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले थर दिसले. विसरणे हा स्वभावदोष नसून मेंदूचा आजार असू शकतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये प्रा. क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ते ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. आजीला तोच आजार आहे का, हे डॉक्टरच सांगतील; वडील कारखान्यावरून आले की तिला दवाखान्यात न्यायचे ठरले आहे. तोवर तिने आत्याच्या नावाने हाक मारली, की मी ओ देते आणि तिच्याजवळ जाऊन बसते.